क्लोन केलेल्या डेबियनसोबत मर्यादित परवान्याचे ड्रायव्हर आणि फॉन्ट शाळांना देता येतील का?

प्रश्न
जुने_लॅपटॉप_नाशिक

नमस्कार मंडळी. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींतील काही कार्यालये वापरातून काढलेले लॅपटॉप आमच्या गटाला देतात. आम्ही त्यांची दुरुस्ती करतो, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवतो, डेबियन १२ (लिनक्सवर आधारित मुक्त कार्यप्रणाली) टाकतो आणि पेठ व सुरगाणा तालुक्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळांना ते विनामूल्य देतो. प्रत्येक यंत्रावर सगळे नव्याने करत बसणे शक्य नसल्याने एक लॅपटॉप आधी पूर्ण तयार करायचा आणि क्लोनझिला या प्रोग्रामने त्याची इमेज (संपूर्ण डिस्कची नक्कल) बाकीच्यांवर उतरवायची, अशी आमची पद्धत आहे. आता शहरातील दोन-तीन संगणक वर्ग हीच इमेज पेनड्राइव्हवर मागत आहेत. पेनड्राइव्हची किंमत आणि वर थोडा खर्च घेऊन ती त्यांना द्यावी, असे आमच्यातील काहींचे म्हणणे आहे.

अडचण अशी की या इमेजमध्ये सगळेच सॉफ्टवेअर मुक्त परवान्याचे नाही. काही लॅपटॉपमधील वायफायसाठी इंटेलचे फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम) आहे. काहींमध्ये ब्रॉडकॉमची जुनी चिप असल्याने त्या कंपनीचा 'डब्ल्यूएल' ड्रायव्हर घातला आहे. बऱ्याच शाळांकडे एचपीचा लेझरजेट १०२० प्रिंटर आहे, त्यासाठी एचपीचा बंदिस्त प्लगइन आहे. शिक्षकांच्या जुन्या फाइली मंगल फॉन्टमध्ये असल्यामुळे तो फॉन्ट विंडोजच्या यंत्रावरून उचलला आहे. शिवाय मराठी टंकलेखनाचा सराव करून घेणारा, वाइनमधून (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या साधनातून) चालणारा एक छोटा प्रोग्राम आहे. त्याच्या परवान्यात 'व्यक्तिगत व अव्यावसायिक वापरासाठी मोफत' एवढेच वाक्य आहे.

यांतले काय ठेवता येईल, काय काढावे लागेल, आणि जीपीएल या मुक्त परवान्याच्या प्रोग्रामांशेजारी असा बंदिस्त कोड ठेवल्याने खुद्द जीपीएलचा भंग होतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. बऱ्याच शाळांमध्ये इंटरनेट नाही किंवा असून नसल्यासारखे आहे, हे लक्षात घेऊन उत्तर मिळाले तर बरे होईल.

उत्तर १
मेनरोड_रिपेअर

काम चांगले आहे, पण आपण नसती काळजी करत आहात. मंगल फॉन्ट या पेनड्राइव्हवरून त्या पेनड्राइव्हवर जात सगळ्या जिल्ह्यात पोहोचलेला आहे आणि सुरगाण्याच्या शाळेत परवाने तपासायला कोणीही येणार नाही. मुलांना संगणक मिळतो आहे, हे महत्त्वाचे. सगळे आहे तसे राहू द्या. संगणक वर्गांना मात्र पावती देऊ नका, म्हणजे प्रश्नच उरणार नाही.

उत्तर २
गंगापूररोड_लिनक्स

पावती न देण्याचा सल्ला ज्या कारणासाठी दिला आहे, तेच कारण प्रश्न गंभीर असल्याचे सांगते, त्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही.

मूळ प्रश्नात तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. एखादा प्रोग्राम वापरण्याची परवानगी आहे का, ही पहिली. त्याची प्रत दुसऱ्याला देण्याची परवानगी आहे का, ही दुसरी. आणि तो जीपीएलच्या कोडसोबत दिल्याने जीपीएलच्या अटी मोडतात का, ही तिसरी. आपल्याकडे 'मोफत आहे' एवढे कळले की तिन्हींचे उत्तर मिळाले असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात 'मोफत' हे फार तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर असते.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल लोकांच्या मनात विनाकारण भीती असते, म्हणून तो आधी घेतो. जीपीएलच्या १९९१ सालच्या दुसऱ्या आवृत्तीतच असे स्पष्ट म्हटले आहे की जीपीएलच्या प्रोग्रामवर आधारलेले नसलेले दुसरे काम साठवणुकीच्या किंवा वितरणाच्या एकाच माध्यमावर नुसते शेजारी ठेवले, तर त्या कामाला जीपीएल लागू होत नाही. एकाच कपाटात दोन पुस्तके ठेवल्याने एकाचा प्रकाशक दुसऱ्याचा मालक होत नाही, तसे हे आहे. त्यामुळे मंगल फॉन्ट, टंकलेखनाचा प्रोग्राम किंवा इंटेलचे फर्मवेअर डेबियनसोबत एकाच एसएसडीवर आहे, यामुळे जीपीएलचा भंग होत नाही. ते देण्याचा हक्क तुम्हाला आहे की नाही, हे मात्र त्या त्या वस्तूच्या स्वतःच्या परवान्यावर ठरेल.

इंटेलच्या फर्मवेअरची काळजी करू नका. त्या परवान्यात बायनरी स्वरूपात (यंत्रावर थेट चालणाऱ्या तयार रूपात), कोणताही बदल न करता पुनर्वितरण करण्याची परवानगी आहे. प्रताधिकाराची सूचना सोबत ठेवणे आणि फर्मवेअर उलगडून न पाहणे या त्याच्या मुख्य अटी आहेत. ते मुक्त सॉफ्टवेअर नाही, पण वाटता येते. अशा वस्तूंचे काय करायचे यावर डेबियनमध्ये वर्षानुवर्षे वाद झाला. २०११ च्या फेब्रुवारीत आलेल्या डेबियन ६ मध्ये कर्नलमधून (प्रणालीच्या गाभ्यातून) बंदिस्त फर्मवेअर पूर्णपणे बाहेर काढले होते, आणि परिणामी नवख्या माणसाला इन्स्टॉल करतानाच वायफाय मिळत नसे. अखेर २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मतदान होऊन इन्स्टॉलरमध्येच हे फर्मवेअर देण्याचे ठरले, आणि जून २०२३ मधील डेबियन १२ पासून त्याच्यासाठी 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा स्वतंत्र विभाग आला. तुमच्या इमेजमधील इंटेलचे फर्मवेअर त्याच विभागातून आले असेल, तर प्रत्येक पॅकेजच्या माहितीच्या फोल्डरमध्ये असलेली 'कॉपीराइट' नावाची फाइल पुसू नका, एवढे पुरे. जागा वाचवण्यासाठी ते संपूर्ण फोल्डर उडवण्याची काही जणांना सवय असते, आणि नेमकी तिथेच अट मोडते.

खरी अडचण तुमच्या क्लोनझिलात आहे. ज्या वस्तू वापरता येतात पण वाटता येत नाहीत, त्यांच्याभोवती डेबियनने एक युक्ती केली आहे. वस्तू स्वतः न देता, ती मूळ ठिकाणाहून उतरवून आणणारा छोटा प्रोग्राम द्यायचा, आणि तो 'कॉन्ट्रिब' विभागात ठेवायचा. मायक्रोसॉफ्टचे जुने 'कोअर फॉन्ट' असेच येतात. मायक्रोसॉफ्टने त्यांचे मोफत डाउनलोड २००२ मध्ये बंद केले, पण परवान्याने ते मूळ न उघडलेल्या स्वरूपातच फिरवण्याची मुभा असल्याने आजही डेबियनचा इन्स्टॉलर त्या मूळ फाइली आणतो आणि तुमच्या यंत्रावर उघडतो. एचपीच्या प्लगइनचेही तसेच आहे. एचपीलिप हा संच मुक्त आहे आणि डेबियनमध्ये आहे, पण प्लगइन वेगळा उतरवावा लागतो आणि त्या वेळी परवाना दाखवून तुमची संमती घेतली जाते. या सगळ्या व्यवस्थेचा अर्थ एवढाच की प्रत वापरणाऱ्याने, स्वतःसाठी, मूळ ठिकाणाहून घेतलेली असते. तुम्ही एका यंत्रावर 'मान्य' दाबले आणि मग ते यंत्र क्लोन केले, की पुढच्या प्रत्येक लॅपटॉपवरची प्रत तुम्ही काढून दिलेली असते. शाळेने काहीच मान्य केलेले नसते, आणि डेबियनने काळजीपूर्वक आखलेली रेघ क्लोनझिलाने पुसलेली असते.

म्हणून माझे मत असे आहे की इमेज त्या टप्प्याच्या आधी घ्यावी. एचपीलिप इमेजमध्ये असू द्या, प्लगइन नको. शाळेत लॅपटॉप पोहोचवायला तुमचा माणूस जातोच. त्याने मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून प्लगइन उतरवून मुख्याध्यापकांसमोर संमतीची पायरी पूर्ण करावी. लेझरजेट १०२० बंद करून चालू केला की त्याला फर्मवेअर पुन्हा द्यावे लागते, पण ते काम एकदा बसवलेला प्लगइन आपोआप करतो.

मंगलबद्दल वाद घालण्यासारखे काही नाही. तो विंडोजसोबत मिळालेला फॉन्ट आहे आणि उचलून दुसऱ्या प्रणालीसोबत वाटण्याची परवानगी त्यात नाही. तो काढा. लोहित देवनागरी, नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता यांपैकी कोणताही घाला. हे तिन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, आणि तो परवाना सॉफ्टवेअरसोबत फॉन्ट देण्यास, पैसे घेऊनही देण्यास, मोकळीक देतो. केवळ फॉन्ट एकटा विकता येत नाही. मंगल मागितला की लोहित द्यावा, अशी सोय फॉन्टकॉन्फिगमध्ये (लिनक्सवर फॉन्ट निवडणाऱ्या भागात) करता येते. मजकूर युनिकोड असल्याने अक्षरे बरोबर दिसतील. ओळी मात्र थोड्या इकडेतिकडे सरकतील आणि एखादे प्रमाणपत्र दुसऱ्या पानावर जाईल, तेवढे शिक्षकांना आधी सांगून ठेवा.

जुने_लॅपटॉप_नाशिक

सविस्तर उत्तराबद्दल आभार. ब्रॉडकॉमचा प्रश्न राहिला. तो ड्रायव्हर डेबियनच्या 'नॉन-फ्री' विभागातूनच घेतला आहे, म्हणजे वाटण्याची परवानगी असणार. मग तो इंटेलच्या फर्मवेअरसारखाच समजावा का?

उत्तर ३
देवळाली_कर्नल

नाही, आणि या ठिकाणी मी वरच्या उत्तरात थोडी भर घालू इच्छितो, कारण 'शेजारी ठेवले तर चालते' हे वाक्य कर्नलच्या मॉड्यूलला (तिला जोडल्या जाणाऱ्या भागाला) तितक्या सहज लावता येत नाही.

फर्मवेअर संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर चालत नाही. कर्नल ती फाइल जशीच्या तशी चिपकडे सोपवते, आणि काम चिपच्या आत चालते. पूर्वी असे काही फर्मवेअर आकड्यांच्या रांगांच्या रूपात कर्नलच्या सोर्समध्येच (मूळ कोडमध्येच) असे. ४.१४ या आवृत्तीपासून तो फोल्डरच काढून टाकला आणि सर्व फर्मवेअर स्वतंत्र संग्रहात राहू लागले, त्यामुळे वेगळेपण आणखी स्पष्ट झाले. ब्रॉडकॉमचा 'डब्ल्यूएल' मात्र ड्रायव्हर आहे. तो कर्नलला जोडला जातो, तिच्याच स्मृतीत चालतो आणि तिची फंक्शने वापरतो. त्यात ब्रॉडकॉमने आधीच बायनरी करून दिलेला भाग आहे आणि त्याला कर्नलशी जोडणारा थोडा सोर्स कोड आहे. डेबियन हा संच न जोडलेल्या अवस्थेत देते आणि डीकेएमएस हे साधन तो तुमच्या यंत्रावर, तुमच्या कर्नलसाठी बांधते. लिनक्स कर्नल जीपीएलच्या फक्त दुसऱ्या आवृत्तीखाली आहे. बांधून तयार झालेले मॉड्यूल हे कर्नलवर आधारित काम मानायचे की नाही, यावर जाणकारांत एकमत नाही.

हाच वाद झेडएफएस या फाइल साठवण्याच्या प्रणालीच्या बाबतीत २०१६ मध्ये उघडपणे झाला. झेडएफएसचा कोड मुक्तच आहे, पण सन कंपनीच्या सीडीडीएल परवान्याखाली, आणि तो जीपीएलशी जुळत नाही. उबुंटू १६.०४ मध्ये झेडएफएसचे बांधलेले मॉड्यूल देण्याचे जाहीर झाले, तेव्हा सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेने हा जीपीएलचा भंग असल्याचे सांगितले, तर उबुंटू बनवणाऱ्या कॅनोनिकल कंपनीने आपल्या कायदेविषयक सल्ल्याच्या आधारे ते देणे चालू ठेवले. डेबियनने मधला मार्ग घेतला आणि झेडएफएसचा सोर्स 'कॉन्ट्रिब' विभागात ठेवून बांधणी वापरणाऱ्यावर सोपवली. एवढी मोठी कंपनी स्वतःचे वकील बाळगून जो धोका पत्करते, तो चार मित्रांच्या गटाने पत्करावा असे मला वाटत नाही.

तुम्ही डीकेएमएसने मॉड्यूल बांधल्यावर इमेज घेतली, तर तुम्ही नेमके तेच वाटत आहात, म्हणजे कर्नल आणि तिला जोडलेले बंदिस्त मॉड्यूल, दोन्ही एकत्र. सुदैवाने यावर इंटरनेट न लागणारा उपाय आहे. कर्नलच्या हेडर फाइली आणि कंपायलर, म्हणजे बांधणीला लागणारे साहित्य, इमेजमध्ये ठेवा. इमेज घेण्यापूर्वी डीकेएमएसला बांधलेले मॉड्यूल काढायला सांगा आणि शाळेत पहिल्यांदा यंत्र चालू झाल्यावर ते पुन्हा बांधणारी छोटी स्क्रिप्ट ठेवा. जुन्या लॅपटॉपलाही त्याला फार वेळ लागत नाही. त्यामुळे 'नॉन-फ्री'मधला संच डेबियनने दिला तसाच तुम्ही पुढे देता आणि जोडणी शाळेच्या यंत्रावर होते.

त्याच ब्रॉडकॉम चिपांसाठी 'बी४३' हा मुक्त ड्रायव्हरही आहे, पण त्याला लागणारे फर्मवेअर ब्रॉडकॉमच्या ड्रायव्हरमधून कापून काढावे लागते आणि ते वाटण्याची परवानगी नाही. त्यामुळे तोही प्लगइनच्याच रांगेत बसतो.

खरे सांगायचे तर मी या कटकटीत पडलोच नसतो. 'एथ९के' ड्रायव्हरवर चालणारी जुनी एथेरॉस कार्डे वापरलेल्या मालात स्वस्तात मिळतात. त्यांना यंत्र चालू होताना कोणतेही फर्मवेअर द्यावे लागत नाही आणि ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. चार स्क्रू काढून कार्ड बदलले की परवान्याचा प्रश्नच उरत नाही. काही लॅपटॉपच्या बायॉसमध्ये (यंत्र सुरू करणाऱ्या अंगभूत प्रोग्राममध्ये) ठरावीक कार्डांचीच यादी असते आणि दुसरे कार्ड बसवल्यास यंत्र सुरू होण्यास नकार देते, म्हणून आधी एकावर करून पाहा.

उत्तर ४
इंदिरानगर_लॅब

मी एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेचे काम पाहते. सगळी चर्चा बंदिस्त कोडबद्दल चालली आहे, पण मुक्त कोडची अट मात्र कोणीच काढली नाही, याचे आश्चर्य वाटले. जीपीएलच्या प्रोग्रामांची बायनरी प्रत दुसऱ्याला दिली की त्यांचा सोर्स देण्याची जबाबदारी तुमच्यावर येते, मग प्रत विनामूल्य दिलेली असो वा पैसे घेऊन. 'सोर्स डेबियनच्या संकेतस्थळावर आहे' असे सांगून, विशेषतः दुसऱ्या आवृत्तीखालच्या कर्नलसाठी, सुटका होते असे गृहीत धरू नका.

दुसऱ्या आवृत्तीनुसार एक तर सोर्स सोबत द्यावा, नाही तर किमान तीन वर्षे टिकणारे लेखी आश्वासन द्यावे की मागणाऱ्या कोणालाही, प्रत पोहोचवण्याच्या प्रत्यक्ष खर्चापेक्षा अधिक न घेता, संपूर्ण सोर्स दिला जाईल. आपल्याला मिळालेले आश्वासन पुढे सरकवण्याची सवलत फक्त अव्यावसायिक वितरणाला आहे, आणि तीही तसे आश्वासन मुळात मिळालेले असेल तरच. डेबियन सोर्स शेजारीच ठेवत असल्याने असे आश्वासन देत नाही, म्हणून ती वाट तुम्हाला शाळांच्या बाबतीतही उपलब्ध नाही. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत सर्व्हरवरून सोर्स देण्याची सोय आहे, पण तुमच्या इमेजमध्ये दोन्ही आवृत्त्यांचे प्रोग्राम आहेत.

ऐकायला हे जड वाटते, करायला मात्र सोपे आहे. तयार यंत्र क्लोन करण्याऐवजी डेबियनच्या 'लाइव्ह-बिल्ड' या साधनाने इमेज बांधा. कोणते विभाग घ्यायचे हे त्यात स्पष्ट लिहावे लागते, त्यामुळे कोणी घाईत उचलून टाकलेला फॉन्ट नकळत आत शिरत नाही, आणि सोर्सची इमेजही तयार करण्याचा पर्याय त्यात आहे. ती सोर्स इमेज एका हार्ड डिस्कवर तारखेनिशी जपून ठेवा आणि प्रत्येक लॅपटॉपसोबत आश्वासनाचा एक छापील कागद द्या. संगणक वर्गांना तर सोर्सचा दुसरा पेनड्राइव्ह सोबतच द्या, म्हणजे तीन वर्षे कोणाची वाट पाहावी लागणार नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रतीसाठी पैसे घेण्यास जीपीएलची हरकत नाही, तेव्हा त्या खर्चाची रीतसर पावतीही द्या.

उत्तर ५
शरणपूर_वकील

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. हा व्यावसायिक सल्ला समजू नये.

प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार संगणक प्रोग्राम हे वाङ्मयीन कृतीत मोडतात. प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला ज्या कामासाठी ती मिळाली त्यासाठी किंवा बॅकअप म्हणून नक्कल करण्याची मुभा कलम ५२ मध्ये आहे. दुसऱ्याला वाटण्यासाठी नक्कल करण्याची मुभा त्यात नाही. शाळेचे कारण सांगून ती ओढूनताणून आणता येणार नाही.

'सुरगाण्यात कोण तपासणार' या मुद्द्यात वाटणाऱ्याचाच विचार केला आहे. कलम ६३-ब प्रोग्रामच्या बेकायदेशीर प्रतीचा जाणूनबुजून वापर करणाऱ्यालाही लागू होते. शिक्षा किमान सात दिवस ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी आहे. नफ्यासाठी वापर नसल्यास न्यायालय कारावास टाळून पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकते. उद्या तक्रार झालीच, तर इमेज कोणी बांधली हे मुख्याध्यापकांना सिद्ध करत बसावे लागेल. ज्यांनी काही मागितले नव्हते आणि ज्यांना काही सांगितलेही नव्हते, अशांच्या माथी हे मारणे मला योग्य वाटत नाही.

जुने_लॅपटॉप_नाशिक

सर्वांचे आभार. मंगल आजच काढतो आहोत, आणि 'लाइव्ह-बिल्ड'ची तयारी करतो. ब्रॉडकॉमच्या लॅपटॉपपैकी एकावर एथेरॉस कार्ड चालते का ते पाहून येथे कळवू. टंकलेखनाच्या प्रोग्रामचे लेखक महाराष्ट्रातीलच आहेत आणि त्यांचा ईमेल प्रोग्राममध्ये दिलेला आहे. त्यांना नेमके काय विचारावे?

उत्तर ६
गंगापूररोड_लिनक्स

त्यांना केवळ 'आम्ही हा शाळांना देऊ का' असे विचारू नका, कारण ते आनंदाने 'हो' म्हणतील आणि संगणक वर्गांचा प्रश्न तसाच राहील. सध्याच्या वाक्यात फक्त वापराचा उल्लेख आहे आणि तोही व्यक्तिगत. शाळेतील सामायिक यंत्र त्यात बसते का, येथूनच शंका सुरू होते, आणि शुल्क घेऊन शिकवणारा वर्ग तर 'अव्यावसायिक' या अटीबाहेरच जातो.

पत्रात आपली पद्धत स्पष्ट लिहा. प्रोग्राम बदल न करता डेबियनच्या इमेजमध्ये वाइनसह घातला जाईल, ती इमेज शाळांना विनामूल्य आणि वर्गांना खर्च घेऊन दिली जाईल, आणि शाळा ती आपल्या इतर यंत्रांवरही उतरवतील. या तिन्ही गोष्टींना वेगवेगळी लेखी संमती मागा. परवाना लेखी असावा हे आपल्या अधिनियमाच्या कलम ३० मध्येच आहे. संमती आली की तिची प्रत प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे इमेज जिथे जाईल तिथे ती सोबत जाईल. वर्गांसाठी ते नाही म्हणाले, तर शाळांची आणि वर्गांची इमेज वेगळी बांधा. 'लाइव्ह-बिल्ड'मध्ये तो केवळ एका फोल्डरचा फरक आहे.

आणि हिंमत करून एक जास्तीचा प्रश्न विचाराच, तो म्हणजे सोर्स जीपीएल किंवा एमआयटी परवान्याखाली खुला करण्याचा त्यांचा विचार आहे का. असे छोटे प्रोग्राम लिहिणाऱ्या कित्येकांना हे कोणी कधी विचारलेलेच नसते.